थकली की मारायची

"पोटातलं ओठावर येणार नाही," असं आईला छातीवर हात ठेवून सांगून मुरलीधर निघाला. एकाहत्तरची लढाई दाराशी आलेली. जबलपूरच्या कारखान्यात काय बनतं ते कुणापुढे बोलायचं नाही, अशी शपथच घेतलेली. त्यात चेरीताल मोहल्ल्यात जिला बघायला जायचं, ती जया होती कारखान्याच्या सुरक्षा खात्यातल्या विष्णुपंतांची लेक! तोंड सुटलं की नोकरीही गेली नि नवरीही.

पोहे आले. जयाच्या शकुमावशीने विचारलं, "काम काय करता जी?"

मुरलीधर तोफगाड्याच्या ॲल्युमिनियमच्या दांड्या पक्क्या करी. हादरे खाऊन खाऊन दांडी थकते, मग तडकते. म्हणून तिच्यावर आधीच बारीक छर्‍यांचा मारा करायचा. यातला तोफगाडा त्याने गाळला, ॲल्युमिनियम गाळलं, दांडीही गाळली. उरलं ते इमानदारीने सांगितलं.

"थकते, म्हणून मारून राहिलो."

मावशीचा घास अडकला. "कोणाले?"

"ते सांगता येत नाही."

"लागत नाही का तिले?"

"उलट जास्त टिकते. मार फक्त सगळीकडे सारखा बसला पाहिजे. वळणावर जरा जास्त."

"अन् आजवर किती झाल्या?"

"हजारो. एकही परत आली नाही."

विष्णुपंतांना सगळं कळत होतं. पण शपथ त्यांचीही झालेली! ते मुकाट्याने पोह्यातले दाणे वेचत बसले. बाकीच्या काका-मामांपैकी एकानेही बशी खाली ठेवली नाही. मावशीनेच उसासा टाकला. म्हणाली, मारतात तर सगळेच, हा निदान आधी सांगून राहिला.

उठली ती एकटी जया. "असल्या घरी मी जाणार नाही," म्हणाली आणि मुरलीधरच्या पुढ्यातली बशीच उचलून चालू लागली.

मुरलीधरच्या पोटातलं ओठावर आलंच. "अहो, बाई नाही हो! ॲल्युमिनियम! तोफगाड्याची दांडी!"

जयाने बशी परत आणून ठेवली, वर शेव घालून. विष्णुपंतांनी कानात करंगळी फिरवली. "मला हल्ली ऐकू कमी येतं," ते म्हणाले. "आणि घरात कुणालाच काही ऐकू आलेलं नाही. समजलं?"

लग्न झालं. कारखान्याचे मोठे साहेब जातीने हजर, पहिल्या पंगतीला. बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला, तशी जया खणखणीत आवाजात म्हणाली,

"छर्रे खाऊन ॲल्युमिनियम होतं टणक,
मुरलीधररावांचं नाव घेते, कोणाला न लागो भनक!"

साहेबांचा जिलबीचा हात हवेतच राहिला. मुरलीधरने सासर्‍याकडे पाहिलं. सासरे दुसर्‍या कानात करंगळी फिरवत होते.