आडेकाका जावा शिकतात

हिंगोलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या आडेकाकांच्या दारावरची पाटी वरचेवर रंगाऱ्याकडे जायची. वर नाव, त्याखाली ठळक अक्षरांत त्यांनी केलेले कॉम्प्युटरचे कोर्स, आणि अगदी तळाला, चष्मा लावला तरच दिसेल असं, ‘बी. ए.’. काका सेनगावकडच्या एका तांड्यातले पहिले बी. ए. होते. निकाल लागला तेव्हा तांड्यानं नगारा वाजवून त्यांना मिरवलं होतं. मग ती डिग्री अशी तळाला काहून, असं विचारलं की उत्तर तयार असे :

‘‘डिग्री भिंतीला, सर्टिफिकेट पोटाला!’’

मी कॉलेजात गणित शिकवायचो, म्हणजे काकांच्या हिशेबानं गुन्हेगारच. सकाळी फाटकाशी भेटले की म्हणायचे, ‘‘काय सर, आज किती बेकार तयार करून राहिले?’’

या रागाला कारण होतं. त्यांची एकुलती एक सुनीता माझी विद्यार्थिनी. बी. एस्सी. पहिल्या वर्गात पास झाली आणि दोन वर्षं घरी बसली. मग पुण्याला जाऊन तिनं सहा महिन्यांचा कोर्स केला, कसलीशी सर्टिफिकेटची परीक्षा दिली, आणि लगेच नोकरी! पुढं बंगलोरला गेली. ‘‘तुमी तीन वर्षं शिकवलं, न्हाई लागली. त्यांनी सहा महिने शिकवलं, लागली. बराबर हाय का न्हाई?’’ बराबर होतं.

एवढ्यावर थांबले असते तर ते आडेकाका कसले! रिटायरमेंट तोंडावर आली असताना काकांनी स्वतःच कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. पाटबंधारे खात्यात जन्मभर टाइपरायटर बडवलेला. कीबोर्डवर हात पडला की अख्खं टेबल हलायचं. ओळ संपली की टाइपरायटरचा दांडा सरकवायच्या सवयीनं डावा हात उडायचा आणि शेजारच्या पोराच्या कानाखाली बसायचा. काही दिवसांनी त्यांच्या डाव्या बाजूला कुणी बसेना.

तरीही ते एकेक कोर्स पास होत गेले. पाटी भरत गेली. शेवटी ‘जावा’ नावाची कॉम्प्युटरची भाषा आली, आणि तिथं मात्र काका नापास झाले.

बातमी गल्लीभर झाली. रविवारी सकाळी बायकोनं धपाटे बांधून दिले. ‘‘काकू गेल्यापासून एकटेच आहेत. बसा जरा त्यांच्याजवळ,’’ म्हणाली. सांत्वनाची चार वाक्यं मनाशी जुळवत मी गेलो, तर काका फोनवर हसत होते.

‘‘अगं, शून्यानं भागलं मी! मंग प्रोग्राम बंद नाही पडणार तर काय? ... व्हय, सांग, पुन्हा सांग.’’

मला खूण करून त्यांनी बसवलं. मी बसलो. धपाटे गार झाले. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, ‘‘सुनीता म्हणती, कोर्सनं दार उघडलं, पण आत गेल्यावर सरांचं गणितच कामाला येऊन राहिलंय. तिनं सांगितलं म्हणून सांगतो. मी मानत न्हाई.’’

मी खूश झालो आणि त्याच भरात विचारलं, ‘‘काका, तुम्हाला आता नोकरी करायची नाही. मग ही तकलीफ कशासाठी?’’

काकांनी धपाट्याचा तुकडा मोडला.

‘‘तुमच्या काकू व्हत्या तवर लेकरू आईशी घंटाभर बोलायचं. मग फोन माझ्याकडं. ‘बापू, जेवले का?’ व्हय. ‘तब्येत?’ बरी. खलास! काकू गेल्या, तर तेवढंच उरलं. कामाचं विचारलं की म्हणायची, ‘बापू, तुमाला न्हाई कळायचं.’ मंग म्हनलं, कळंल असं करू. आता विचारता येतं काहीबाही.’’

‘‘पण नापास झालात, वाईट वाटलं असेल.’’

‘‘काहून?’’ काका म्हणाले. ‘‘पास झालो तवा ‘शाब्बास बापू’ म्हणून फोन ठेवायची. आज पाऊण घंटा समजावून सांगत व्हती, सर. आन् पुढच्या रविवारी पुन्हा सांगते म्हणली.’’

त्यांनी दुसरं धपाटं घेतलं. त्या दिवशी त्यांना भूक चांगली लागली होती.