एक वीत आत

माणूस दिवसभराचा राग रोज रात्री, एकही दिवस न चुकता, पूर्णपणे सोडून देऊ शकतो का? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी मी माझे शेजारी रूबेन थळकर यांचे सहा वर्षे निरीक्षण केले. त्यासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत. साताऱ्याच्या आमच्या कॉलनीत त्यांची निजण्याची खोली आणि माझी अभ्यासाची खोली यांच्या खिडक्या समोरासमोर आहेत, आणि थळकर माफी मोठ्याने करतात.

पावणेनऊला ते पलंगावर बसतात आणि सुरू करतात. "भाजीवाला शंकर. दोन वांगी किडकी दिली. माफ. बँकेतली बाई. उद्या या म्हणाली. उद्या बँकेला सुट्टी. माफ. समोरचे मास्तर. बुद्धिबळात चाल परत घेतली. माफ."

ते मास्तर म्हणजे मी. निवृत्त गणित शिक्षक. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी खिडकी लावून घेतली. चाल परत घेतली होती, हे खरे होते.

थोडे स्पष्टीकरण देतो. थळकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी यहुद्यांपैकी. त्यांच्या शास्त्रात निजण्यापूर्वी 'शमा' ही प्रार्थना म्हणतात. तिची पहिली ओळ म्हणताना उजवा हात डोळ्यांवर ठेवतात. त्याआधी, आज ज्यांनी मला दुखावले त्या सर्वांना मी क्षमा करतो, असे म्हणण्याची रीत आहे. 'सर्वांना' एवढे पुरते. पण थळकरांची नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात, तीही बरीचशी आष्ट्याच्या बाजूला, भाऊबंदकीच्या बांधांवर गेली. "सगळं रान माझं, असं म्हणून चालत नाही मास्तर," ते मला म्हणाले. "गट नंबर सांगावा लागतो."

शेवटी निद्रेचा आशीर्वाद येतो. त्यानंतर झोप लागेपर्यंत बोलू नये, असा नियम. एका रात्री या आशीर्वादानंतर थळकर आमच्या दारात उभे राहिले. एका हाताने छातीवरची शाल आवळलेली, दुसऱ्या हाताने आकाशाकडे खूण. तोंडातून शब्द नाही. माझ्या पत्नीने तत्काळ रिक्षा बोलावली. दवाखान्यात त्यांच्या हृदयाचा आलेख काढला. तो माझ्यापेक्षा चांगला निघाला. परत आलो तेव्हा आमच्या गच्चीवरची टाकी वाहून पाणी फाटकापर्यंत आले होते.

"तेच सांगायला आलो होतो," ते सकाळी म्हणाले.

"मग बोलायचं होतं."

"जीव धोक्यात असेल तर बोलावं. टाकीनं कोणी मरत नाही."

"आणि रिक्षात बसवलं तेव्हा?"

"मला वाटलं, वहिनींना बरं नाही. सोबतीला नेताय."

दुसरा नियम 'मासेर'चा: उत्पन्नाचा दहावा भाग गरजूंसाठी. तो पैशांचा आहे. थळकर तो कशालाही लावतात. कोणी महाबळेश्वरहून तेवीस स्ट्रॉबेऱ्या आणल्या, तर दोन आणि तीन दशांश स्ट्रॉबेऱ्या झाडणाऱ्या मावशींना जातात. ते दशांश सुरीने काढतात. फळांना नियम लागू नाही, असे मी सांगून पाहिले. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण हाताला सवय राहते."

पेन्शनच्या दहाव्या भागाचे पाकीट मात्र ते माझ्या हाती देत. देणाऱ्याला घेणारा कळू नये आणि घेणाऱ्याला देणारा, हा दानाचा फार वरचा प्रकार मानतात. म्हणून मध्ये मी. पाकीट कोणाकडे जाते, हे त्यांनी कधी विचारले नाही. मी ते पाकीट त्यांच्याच पलीकडच्या घरात, निवृत्त सुभेदार जाधवांकडे पोचवत असे. मुलगा गेल्यापासून नातीच्या नर्सिंग कॉलेजची फी सुभेदारांना झेपत नव्हती. "नाव विचारू नका," एवढेच मी त्यांना सांगितले होते.

आणि हेच सुभेदार थळकरांना रोज कुंपणावरून झोडपत. "रं रूबेन, तुझ्या शेवग्याचा पाला उचलायला मी काय पगारी हाय? लय चिकट गड्या तू. रस्त्याच्या वर्गणीलाबी घासाघीस केलीस." थळकर कधी खुलासा देत नसत. वर्गणी हे स्वतःचे देणे. ते दहाव्या भागातून भागवता येत नाही, म्हणून घासाघीस. रात्रीच्या यादीत निम्मी कलमे सुभेदारांची असत.

यापुढची चूक माझी. प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी भारावलेला होतो. दोनांचे दोनशे झाले. आपल्याच गल्लीतल्या एका मुलीचे शिक्षण थळकर गुपचूप करतात, असे मी सांगून टाकले. टाळ्या वाजल्या. गल्लीत कॉलेजला जाणारी मुलगी एकच होती. सुभेदार पहिल्या रांगेत होते. त्यांनी टोपी नीट केली आणि ते निघून गेले.

त्या रात्री मी ऐकले: "समोरचे मास्तर. चांगल्या मनानं नाव फोडलं. माफ." त्या माफीत दोष शोधूनही सापडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुभेदार कुंपणाशी येत, हात जोडत आणि म्हणत, "नमस्कार, थळकरसाहेब." बस. शेवग्याचा पाला ते स्वतः गोळा करू लागले. थळकर दिवसभर मुद्दाम अंगणात वावरत, रेडिओ मोठा लावत, स्कूटर आडवी लावत. नमस्कारापलीकडे काही मिळेना. रात्रीची यादी आखडत गेली. एका रात्री ते पलंगावर बसले. मग म्हणाले, "मुलगी. इस्राएलहून फोन केला, घाईत ठेवला. माफ." थोडे थांबून, "हे मागच्या आठवड्यात झालंय." आणि मग हळू, "आज कोणी नाही."

मी सकाळी क्षमा मागायला गेलो. थळकर सुभेदारांच्या बाजूचे जुने कुंपण उपटून सिमेंटचे तीन नवे खांब रोवत होते. "तुमचं कधीच मिटलं," ते म्हणाले. "फीत धरा."

संध्याकाळी सुभेदार बाहेर आले, खांबांकडे पाहिले, आत गेले आणि दोरी घेऊन परतले. दोनदा मोजले. मग त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला.

"रं रूबेन, जल्मभर सरकारचा पगार खाल्लास न्हवं? आन् सवताच्या दारातलं माप येईना व्हय तुला? एक ईत तुझी माझ्याकडं आलीया. मला न्हाई पायजे फुकाची जमीन."

"वय झालं, सुभेदार."

"वय झालं तर गप बसावं. सरक बाजूला. तुझ्यानं न्हाई व्हायचं."

सुभेदारांनी पहार आणली. तिन्ही खांब उपटून त्यांनी मूळ हद्दीवर रोवले, थळकरांची जमीन थळकरांना परत दिली, आणि तासभर तोंड चालू ठेवले. थळकर मान खाली घालून उभे होते. चांगल्या वर्गात धडा ऐकणारा विद्यार्थी असाच उभा राहतो.

शेजाऱ्याची हद्द सरकवू नये, अशी त्यांच्या शास्त्रात स्पष्ट आज्ञा आहे. थळकरांनी ती मोडली नव्हती. खांब त्यांच्याच जमिनीत, आत रोवले होते. मी नंतर जाऊन बुजवलेल्या खड्ड्यांपासून नव्या खांबांपर्यंतचे अंतर घेतले. तिन्ही ठिकाणी बरोबर एक वीत. हातून झालेली चूक इतकी सारखी येत नाही. सुभेदारांना पुन्हा तोंड उघडायला कारण मिळावे, म्हणून ती केलेली होती.

तरीही हा केवळ माझा निष्कर्ष आहे. वर सांगितलेले नियम वाचकांनी एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावेत. आणि साताऱ्यात येणे झाले, तर ते तीन खड्डे कृपया स्वतः मोजून पाहावेत.