मानोजीअण्णांचा लाल-निळा नकाशा

बेंगळूरच्या यशवंतपूरला मानोजीअण्णांची वरची खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी भाड्याचं बोलायच्या आधी विचारलं, "पुण्याकडं तुमच्या घरात हार्टनं कोण कोण गेलं?"

मी चाटच पडलो. काका गेले होते, वडील वाचले होते. दोन्ही सालं सांगितल्यावर अण्णांची कळी खुलली. "सरी! ठरलं, खोली तुमची."

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेल्या या विधुर गृहस्थांनी भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. झटक्यानं माणूस गेला की त्याच्या गावावर लाल पेन्सिलीचा ठिपका, वाचला की निळा. शेजारी बारीक अक्षरात साल. लग्नाच्या पंगतीत लोक जिलबी वाढून घेत असताना हे समोरच्याला विचारत, "तुमच्यात अलीकडं कुणाला अ‍ॅटॅक?" दुःखाचं कार्ड वाचून फाडून टाकायची आपली रीत, अण्णा ते जपून ठेवत. ऑफिसात मी या नकाशाचे किस्से सांगून पुष्कळ हशा मिळवला.

"बघा, बेंगळूर पूर्वी लालच लाल होतं. आता स्वल्प स्वल्प निळं होतंय," ते म्हणत. "पण आमच्या अक्काचं गाव? अजून लालच!"

अक्का, म्हणजे त्यांची थोरली बहीण, रायचूरपलीकडच्या खेड्यात एकटी राहायची. तिनं इथं यावं म्हणून अण्णा दर महिन्याला तिला पत्रानं ठिपक्यांचा वृत्तांत कळवत. तिचं उत्तर ठरलेलं : "मला काय धाड भरलीय?"

आणि एका सकाळी फोन आला. अक्काला झटका आला होता. अण्णा मिळेल त्या गाडीनं गेले.

आठ दिवसांनी ते एकटेच परतले.

"वाचली," ते म्हणाले. "तालुक्याला नवा डॉक्टर आलाय. वेळेत सुई टोचली त्यानं."

नकाशापाशी जाऊन त्यांनी गावावर निळा ठिपका दिला आणि खुर्चीत मटकन बसले.

"अण्णा, अहो, आनंदाची गोष्ट आहे!"

"आहे की हो. पण अक्का म्हणती, इथंबी माणसं वाचतात, मग तिकडं कशाला येऊ? आता कुठल्या तोंडानं बोलावू तिला?"

मला स्वतःची लाज वाटली. इतके दिवस नकाशाला हसलो, आणि या माणसाला घरात फक्त बहीण हवी आहे हे काही कळलं नाही.

"नुसतं लिहा ना," मी म्हणालो, "की मला एकटं वाटतं, तू ये."

"असं लिहितात व्हय?" अण्णा चक्क लाजले. मग टेबलाच्या खणातून कोरं इनलँड पत्र काढून त्यांनी माझ्यापुढं सरकवलं.

"तुम्हीच लिहा. मी खाली सही करतो."