जावा हाताळण्याचं पुस्तक

अक्काताईंनी पुडक्याची सुतळी सोडली, वर्तमानपत्राचा कागद बाजूला केला आणि पुस्तकाच्या कव्हरवरची अक्षरं एकेक करून जोडली. शाळा चौथीपर्यंतच झालेली असल्यामुळे त्या सावकाश वाचायच्या, पण एकदा वाचलेलं सोडायच्या नाहीत. वर मोठ्या लाल अक्षरांत 'जावा' असं लिहिलं होतं. त्याखाली बारीक अक्षरांत, 'ओळख आणि हाताळणी'. आणि त्याच्याही खाली वाफ निघणाऱ्या कपाचं चित्र.

अक्काताई तिथंच पाटावर बसल्या. पुडकं देताना बसवेश, त्यांचा धाकटा मुलगा, एवढंच म्हणाला होता, "शांभवीचं हाय, अव्वा. तिनं निपाणीहून फोन करून मागवलंय. आली की दे." आणि हुपरीला कारागिरांकडून पैंजणांचा माल आणायचा म्हणून तो तसाच एसटी स्टँडकडे पळाला होता.

मंगळवार पेठेतल्या त्या घरात दोन सुना होत्या, म्हणजे एकमेकींच्या जावा. धाकटी शांभवी, बी.एस्सी. झालेली, सध्या माहेरी. थोरली महानंदा, जिचा नवरा वसुलीसाठी परगावी गेला होता, या क्षणी परसात कपडे वाळत घालत होती. हाताळली कोण जाणार, हे अक्काताईंना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. कपाचं चित्र त्यांनी पुन्हा एकदा निरखलं.

"आगं बाई," त्या पुटपुटल्या, "च्यात काय घालायचं त्ये बी सांगितलंय का काय ह्यात!"

खरी गोष्ट अगदी साधी होती. पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं घरच्या चांदीच्या दुकानात बसून सांगितलं होतं, की आता पैंजणं वेबसाइटवर टाकली की अमेरिकेतली बाई बघते. शांभवी म्हणाली, वेबसाइट मी करते, मला फक्त काहीच न येणाऱ्याला शिकवणारं एखादं पुस्तक आणून द्या. दुकानात बिलांसाठी घेतलेला कॉम्प्युटर होताच. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि बाकीचे दिवस तो झाकलेला असायचा. फोनवर खरखर होती, तरी शांभवीनं दोनदा सांगितलं होतं, "एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट. मराठीत. अगदी पहिल्यापासून."

पुस्तकांच्या दुकानात बसवेशसमोर ढीग पडला, तेव्हा त्याच्या लक्षात त्यातला एकच शब्द होता. एक पुस्तक इंग्रजीत होतं. एकाच्या पाठीला सीडी चिकटवलेली होती, आणि त्यांच्या कॉम्प्युटरला सीडी घालायला भोकच नव्हतं. एक अगदीच पातळ होतं. एवढ्याशात वेबसाइट मावायची नाही, असं बसवेशला वाटलं. त्यानं "जावास्क्रिप्ट" म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "जावा हाय की. स्क्रिप्ट पायजे आसंल, तर सिनेमा-नाटकाचं कपाट तिकडं." बसवेशला सिनेमा काढायचा नव्हता. त्यानं चांदी उचलून बघतात तसं जाडजूड 'जावा' हातात तोललं, मान डोलावली आणि बांधायला सांगितलं.

हे सगळं माहीत असलेला माणूस आता हुपरीच्या गाडीत होता.

"काय वाचतायसा, आत्ती?" महानंदा रिकामी बादली घेऊन आत आली.

अक्काताईंनी घाईघाईनं पुस्तक पदराखाली घेतलं. ते पदरापेक्षा मोठं होतं. 'जावा' बरोबर बाहेर राहिलं.

महानंदानं वाचलं. बादली खाली ठेवली. मग वाकून 'हाताळणी' पण वाचलं.

"कुनाचं हाय ह्ये?"

"कुनाचं न्हाय. रद्दीतलं."

"कोरं हाय की! वास यायलाय कोऱ्या कागदाचा." महानंदाचा चेहरा पडला. "शांभवीनं मागवलं न्हवं? सकाळी भावजी फोनवर 'जावा, जावा' करत हुतं. मला वाटलं, ती माझी चौकशी करायलीया. आत्ती, तिला मी कवा वाकडं बोललो काय? तिची भाकरी करपली तवा म्या माझ्या नावावर घेतली की वो! आनि ती मला हाताळाय पुस्तक आनती?"

बाळाप्पांना, म्हणजे अक्काताईंच्या नवऱ्याला, दुकानातून बोलावून घेतलं. ते आले, त्यांनी चष्मा लावला, आणि धड कळेना म्हणून मेहुण्याला बोलावलं. गुंडू हा अक्काताईंचा धाकटा भाऊ, कोर्टात कारकुनी करून रिटायर झालेला. कुठलाही छापील कागद हातात आला की त्याला घसा खाकरायची सवय होती. तो घसा खाकरून अनुक्रमणिकेवर बोट फिरवू लागला आणि मध्येच थांबला.

"दाजी, हितं 'वारसा' नावाचं आख्खं प्रकरण हाय."

बाळाप्पा पाट ओढून जवळ बसले.

"वाच," बाळाप्पा म्हणाले.

लेखकानं एकही इंग्रजी शब्द येऊ द्यायचा नाही असं ठरवून पुस्तक लिहिलं होतं, त्यामुळे गुंडूला प्रत्येक शब्द कळत होता. "'बालकास एकाच पालकाकडून वारसा घेता येतो. दोन पालकांकडून एकाच वेळी वारसा घेता येत नाही.'"

"म्हंजे?"

"म्हंजे बापाकडनं घेतलं की आईकडनं घ्यायचं न्हाय."

"आनि माझ्या पाटल्या?" अक्काताईंचा हात मनगटावर गेला. "त्या कुनाला जायच्या?"

"थांब अक्का, फुडं आनि हाय. 'पालकाची पद्धत बालकास पसंत नसल्यास, बालक ती बाजूला सारून स्वतःची पद्धत लागू करू शकते.'"

"छापलंय आसं?" बाळाप्पांचा आवाज चढला. "छापून इकत्यात?"

"आनि ह्ये शेवटाकडचं ऐका. 'ज्या वस्तूचा कोणीही उल्लेख करत नाही, ती निरुपयोगी समजून आपोआप काढून टाकली जाते.'"

"ही मी!" अक्काताई किंचाळल्या. "गेल्या म्हैन्यात शांभवीच्या म्हायेरच्या लग्नपत्रिकेत माझं नाव न्हवतं. तवाच मला कळाय पायजे हुतं."

महानंदानं एकच शहाणी शंका काढली. पुस्तकात जागोजागी कॉम्प्युटर कशाला आलाय? गुंडूनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आगं, आता सातबारा सुदीक कॉम्प्युटरवर येनार म्हनत्यात. वाटनी काय हातानं करत्यात व्हय?"

"ह्याला उपाय?" बाळाप्पांनी विचारलं.

गुंडूनं पानं उलटली. "हाय. 'पालकाने एखादी पद्धत अंतिम घोषित केली असल्यास बालकास त्यात कोणताही बदल करता येत नाही.' दाजी, पोरं यायच्या आत तुमी अंतिम घोषित करा. मग कुनाचं काय चालत न्हाय."

बाळाप्पा उठले. देव्हाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "ह्या घरात चूल एकच. ज्याला वायलं व्हायचं, येगळं निघायचं, त्यानं वरच्या खोलीत आपली आपली चूल मांडावी. माझ्या चुलीला हात लावू नये. अंतिम!"

मग त्यांनी निपाणीला व्याह्यांना फोन लावला. "पोरीला घिऊन या. फोनवर बोलन्यासारखं न्हाय." आणि समोरून काही विचारायच्या आत ठेवून दिला.

संध्याकाळी शांभवी वडिलांबरोबर आली, तेव्हा दोघांचेही चेहरे पांढरे पडले होते. वाटेत त्यांनी बसवेशला काहीतरी झालं असं धरलं होतं. शांभवीचा तर कागलपर्यंत डोळा कोरडा नव्हता. सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, सतरंजीवर सगळे ओळीनं बसलेले दिसले, आणि त्यात बसवेश नव्हता. शांभवीनं दाराची चौकट धरली.

"कुठं आहेत हे?"

"हुपरीला. धडधाकट हाय," बाळाप्पा म्हणाले. "आदी ह्ये बगा." त्यांनी पुस्तक सतरंजीच्या मधोमध ठेवलं, पंचांपुढे मुद्देमाल ठेवतात तसं.

निपाणीच्या व्याह्यांनी टोपी काढली, कव्हर वाचलं आणि लेकीकडे बघतच राहिले. "शांभवी, ह्येच शिकीवलं व्हय आमी तुला?"

शांभवीनं पुस्तक उचललं आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई! हे कसलं आणलंय?"

"आमी बी दुपारधरनं त्येच इचारतोय," अक्काताई म्हणाल्या.

"मी हे सांगितलंच नव्हतं! हे चुकीचं आहे. मला जावा नकोच होती!"

महानंदा ताडकन उभी राहिली. "ऐकलंसा? आता तोंडावर बोलती!"

"तसं नाही ताई. म्हणजे जावा वाईट नाही, पण माझ्या कामाची नाही. मला जावाचा काडीचा उपयोग नाही!"

"काडीचा?" महानंदाला हुंदका फुटला. "काडीचा बी न्हाय?"

"लई अवघड असते हो ती! नवख्या माणसाला झेपत नाही. डोकं उठतं!"

आता व्याह्यांनीच लेकीला "गप बस" म्हटलं. शांभवीला आपण काय बोललो ते कळेना, आणि जितकं समजावून सांगावं तितकी महानंदा मोठ्यानं रडायला लागली. अशा वेळी बसवेश पैंजणांची पिशवी खांद्याला लावून आत आला, सगळ्यांकडे बघून चक्रावला आणि त्याची नजर पुस्तकावर गेली.

"आलीस व्हय? मिळालं न्हवं पुस्तक? दुकानातलं सगळ्यात जड आनलंय बग."

"मी जावास्क्रिप्ट म्हटलं होतं! वेबसाइटच्या पानांना लागते ती! तुम्ही नुसती जावा आणलीत. ती वेगळी भाषा आहे कॉम्प्युटरची!"

"भाषा?" बाळाप्पांनी विचारलं.

"भाषा," शांभवी म्हणाली. आणि मग ती सगळं सांगत गेली. पालक आणि बालक हे प्रोग्रॅमचेच भाग, वारसा म्हणजे एकाचे गुण दुसऱ्यानं घेणं, आणि निरुपयोगी वस्तू म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली अडगळ. बाळाप्पांना त्यातलं काही कळलं नाही, पण यात आपलं दुकान कुठं येत नाही एवढं कळलं, आणि ते पुरेसं होतं. अक्काताईंनी पाटल्या मागे सारल्या. निपाणीचे व्याही आधी हसले, मग सगळेच हसत सुटले.

"तरी मी म्हनतच हुतो," गुंडू पुस्तक मिटत म्हणाला, "ह्यात कायतरी टेक्निकल हाय."

"महानंदा," अक्काताई डोळे पुसत म्हणाल्या, "जा, च्या ठेव सगळ्यास्नी."

महानंदा हसत नव्हती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"कुटं ठेवू?"

"कुटं म्हंजे?"

"म्या दुपारीच वर चूल मांडली, आत्ती. मामंजी म्हनाले न्हवं, ज्याला वायलं व्हायचं त्यानं वर जावं. मला वाटलं, ती हाताळायच्या आदी आपनच निघावं. जुनी शेगडी नेली, मसाल्याचा डबा नेला. पाट्यासाठी तेवढी जागा केलीया."

बाळाप्पांचं तोंड उघडं राहिलं. "आगं, त्ये तुला न्हवतं! त्ये मागं घेतलं म्या."

"मागं कसं घ्याल?" महानंदा शांतपणे म्हणाली. "अंतिम हाय न्हवं?"

सगळ्यांनी गुंडूकडे पाहिलं. गुंडूनं घसा खाकरला आणि पुस्तक पुन्हा उघडून तो अनुक्रमणिकेवर बोट फिरवू लागला.

चहा वरूनच आला. दुसऱ्या दिवशी शांभवी स्वतः पुस्तकांच्या दुकानात गेली आणि तिनं बघूनच पुस्तक घेतलं. पहिल्याच प्रकरणात एक पान तयार करून दाखवणारं, सीडी नसलेलं, पातळ. त्या दिवसापासून ती दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर जी बसली, ती स्वयंपाकघर विसरली. खालची चूल अक्काताईंच्या गळ्यात पडली. त्यांच्या भाकरीला बाळाप्पांनी दोन दिवस नावं ठेवली नाहीत. तिसऱ्या दिवशी "जरा वर गार वारा लागतोय" म्हणून ते ताट घेऊन जिना चढले. बसवेश हिशेब विचारायला म्हणून वसुलीहून परतलेल्या थोरल्या भावाकडे वर गेला, तो जेवूनच उतरला. शांभवी हातात पुस्तक घेऊन, वाचत वाचत, बरोबर वासाच्या दिशेनं गेली. राहता राहिल्या अक्काताई. त्यांनी खालचा गॅस बंद केला, पाटल्या सावरल्या आणि लोणच्याची बरणी कडेवर घेऊन त्याही निघाल्या.

महानंदा तव्यावरची भाकरी उलटवत होती. तिनं मागं वळून पाहिलं. वरच्या खोलीत आख्खं घर मांडी घालून बसलं होतं. अक्काताई बरणीचं झाकण काढत होत्या आणि बाळाप्पा गरम आमटीची वाट बघत होते.

महानंदाच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं.

"आवं," ती म्हणाली, "मग वायलं निघालं कोन?"