दोष सपाट शेताचा

एका जंगलात, बाळांनो, एक बातमी निम्मीच येऊन पोचली. जंगलाचं नाव सांगत नाही. तिथली मंडळी माझ्या ओळखीची आहेत, उगाच वाईटपणा कशाला?

टिटवी पाणवठ्यावर पाणी पीत होती. झुडपाआडून दोन कोल्हे बोलत चालले होते.

"अरे, त्या गोदाक्काच्या ट्रॅक्टरच्या आत म्हणे काहीच..."

तेवढ्यात म्हशी पाण्यात उतरल्या आणि पुढचं सगळं डुबुक डुबुक झालं.

आता सांगा, अशी अर्धी बातमी पोटात ठेवून कुणाला झोप लागेल? त्यातून टिटवी गोदाक्काची शेजारीण. शेजारणीचं माहीत नसेल तर शेजार काय कामाचा!

गोदाक्का म्हणजे अस्वलीण. तिच्याकडे सासऱ्याच्या वेळचा जुना डिझेल ट्रॅक्टर होता. इंजिन अजून धडधाकट. पण बटण दाबून सुरू होईना. बटण दाबलं की इंजिनाला पहिला झटका देणारी एक मोटर असते, तिला सेल्फ म्हणतात. तोच रुसला होता. म्हणून अक्कानं ट्रॅक्टर तरस मेस्त्रीकडे दिला.

तरस मेस्त्री फार हसतमुख. कुठलंही काम हसत घ्यायचा आणि हसतच लांबवायचा. त्याच्या अंगणातही तसलाच एक ट्रॅक्टर होता. कित्येक दिवस बंद. त्यावर कोंबड्या बसत.

वाट पाहून पाहून अक्काचे डोळे शिणले, तेव्हा ट्रॅक्टर तयार झाला. आणि काय तयार झाला! लालभडक रंग, आरशांना गोंडे, पुढे 'सासऱ्यांची कृपा' अशी वळणदार अक्षरं. मेस्त्रीनं तो टेकडीच्या माथ्यावर आणून उभा केला होता.

"सुरू करून दाखव बाबा," अक्का म्हणाली.

"दाखवतो की!" मेस्त्री वर बसला. त्यानं ब्रेक सोडला. ट्रॅक्टर उतारावरून घरंगळला, मध्येच गिअर पडताच धडधडला आणि सुरू झाला.

सगळ्या जंगलानं टाळ्या वाजवल्या. नारळ फुटला. पेढे वाटले. टिटवीनं दोन खाल्ले.

"एक सांगतो अक्का," निघताना मेस्त्री म्हणाला, "शक्यतो बंद करू नका. इंजिनाला आरामाची सवय लागते."

अक्काचं शेत खाली, तळहातासारखं सपाट. पावसाळा सरला होता. जमिनीला वाफसा आला होता, म्हणजे चिखलही नाही आणि ढेकूळही नाही, अशी नेमकी ओल. ही ओल आठवडाभर टिकते. तेवढ्यात ज्वारी पेरली तर पेरली, नाहीतर वर्षभर नुसतं शेताकडे बघत बसायचं.

अक्कानं दोन फेऱ्या मारल्या. भाकरी खायला ट्रॅक्टर बंद केला. परत बसून बटण दाबलं.

"पॉं!"

पुन्हा दाबलं.

"पॉं पॉं!"

मेस्त्रीला बोलावणं गेलं. त्यानं बटण दाबून पाहिलं. "भोंगा वाजतोय ना? मग करंट आहे. काळजी नको."

"अरे, पण सुरू कुठे होतोय?"

मेस्त्री खाली उतरला. शेताच्या चारी बाजूंना फिरून आला. मान हलवत म्हणाला, "अक्का, ट्रॅक्टर ठणठणीत आहे. तुमचं शेत सपाट आहे."

बाळांनो, तिथे जमलेल्या एकानंही याला हसू नये? नाही हसले! उलट गेंडा सरपंच गंभीर झाला. "खरंच की. मी आजवर नीट पाहिलंच नव्हतं."

"एवढी सपाटी बरी नव्हे," कोल्हा म्हणाला.

सभा भरली. ठराव झाला. अक्काच्या शेतात एक उतार बांधायचा! हत्ती आले. शेतातलीच काळी माती ओढून त्यांनी मधोमध ढीग घातला. सरपंचानं फीत कापली. भाषणं लांबली. ओल आटत गेली.

"अहो दादा, पेरायचं कुठे मी?" अक्का रडकुंडीला आली.

"आधी सोय होऊ द्या," सरपंच म्हणाला. "पेरणीचं काय, दरसाल असतेच."

इकडे टिटवीला ती अर्धी बातमी चैन पडू देईना. ट्रॅक्टरभर फिरून ती चोचीनं ठोकून बघू लागली. ठक् ठक्. ठक् ठक्. एका जागी मात्र आवाज आला टण्ण. तिथे रंगवलेला पत्र्याचा डबा होता. झाकण उचकटलं. आत गोणपाटाचा बोळा!

"आत काही नाही! काही नाही हो काही नाही!" टिटवीनं जंगल डोक्यावर घेतलं.

सगळे धावले. मेस्त्रीनं हसत बॉनेट उघडलं. "कोण म्हणतं काही नाही? हे इंजिन. हा पंप. हे गिअर. मोजून घ्या."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. खरंच, सगळं होतं. फक्त त्या डब्याच्या जागची सेल्फची मोटर तेवढी नव्हती.

"म्हणजे अफवाच की!" सरपंच गरजला. "टिटे, एवढ्याशा मोटरसाठी काही नाही, काही नाही म्हणून ओरडतेस? माफी माग मेस्त्रीची."

टिटवीनं मागितली. काय करणार? पेढे खाल्ले होते.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावर ट्रॅक्टरचा आवाज आला. तो मेस्त्रीचा होता, कोंबड्यांवाला! त्याचा भाऊ लोकांची शेतं भाड्यानं पेरून देत होता. तो ट्रॅक्टर बंद करी, बिडी ओढी, बटण दाबी. ट्रॅक्टर लगेच सुरू. अगदी सपाटीवर.

अक्का मेस्त्रीसमोर जाऊन उभी राहिली. "माझी मोटर आहे ती."

"असेल," मेस्त्री म्हणाला.

"ती तर बिघडली होती ना रे?"

मेस्त्री पहिल्यांदाच हसायचा थांबला. त्याला फार लागलं होतं.

"अक्का, बोलायचं म्हणून काहीही बोलू नका. दुरुस्तीला दिली होतीत ना? केली की मी दुरुस्त!"

गोदाक्का ढिगावर जाऊन बसली. खाली तिची जमीन भेगाळायला लागली होती.

तात्पर्य: ट्रॅक्टर नादुरुस्त निघाला, तर मेस्त्री बदलू नये, शेत बदलावं. आणि मेस्त्रीवर संशय तर मुळीच घेऊ नये. आपली वस्तू तो मन लावून दुरुस्त करतोच. ती चालताना पाहायला त्याच्या बांधावर जावं लागतं, एवढंच.