पीस हातात असेल त्यानेच बोलावे

वेंडेल स्ट्राउडच्या पोटात आठवडाभर एक गोष्ट खदखदत होती आणि अख्ख्या यूजीन गावात ती ऐकायला एक माणूस मिळत नव्हता.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात आता कायद्याने चालतं म्हणून त्याने परवानाधारक केंद्रात, देखरेखीखाली, रीतसर भ्रम दाखवणारी मशरूम खाल्ली होती. लोकांना म्हणे आकाशगंगा दिसतात. वेंडेलला दिसला गॅरेजमधला डीप फ्रीझर! त्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेला ट्राउट मासा होता, बाबांनी त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात पकडलेला. तो खाववत नव्हता आणि टाकवतही नव्हता. तो मासा त्याच्याशी बोलला होता.

"मशरूम मी आमलेटात घालते," बायको लॉरेनने आधीच हात झटकले. "त्यापुढचं मला नको सांगूस. तुझ्यासारखी मंडळी असतील ना कुठेतरी?"

मंडळी होती. चर्चच्या तळघरात, बूट काढून, मेणबत्तीभोवती गोल बसलेली. वेंडेलला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. मग टॅन्सी नावाच्या प्रमुख बाईंनी टर्की पक्ष्याचं एक लांब पीस उचललं.

"पीस ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही, प्रश्न नाही, सल्ला नाही."

आधी सगळ्यांनी मनातलं हवामान सांगितलं. मग शेंगदाण्याची बिस्किटं आणावीत की नाही यावर पीस दोनदा फिरलं. वेंडेलचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी पीस शेजारच्या दाढीवाल्याकडे आलं. तो विश्वाशी एकरूप झाला होता आणि ते सांगताना डोळे मिटून हात पसरत होता. पसरता पसरता पीस मेणबत्तीत गेलं.

"अहो, पीस जळतंय!" वेंडेल ओरडला.

टॅन्सीने ओठांवर बोट ठेवलं. "वेंडेल, तुमची पाळी येईल."

"पाळीचं काय घेऊन बसलात? आग लागलीय!"

सगळ्यांनी त्याच्याकडे अपार करुणेने पाहिलं. एवढ्यात छतावरचा धुराचा भोंगा, हातात पीस नसतानाही, बोंबलू लागला.

बाहेर पावसात, अनवाणी उभं राहून चर्चा झाली. पिसाशिवाय बोलणं नियमात बसत नव्हतं. नवं पीस आणण्याआधी जुन्यासाठी शोक करणं भाग होतं. शोक संपला तेव्हा वेळही संपली. वेंडेलने कपाळावर हात मारला.

न्यायला आलेल्या लॉरेनने हे ऐकलं आणि हसता हसता तिला गाडी कडेला घ्यावी लागली.

"म्हणजे तुझं कुणी ऐकलंच नाही?"

"कुणीच नाही," तो म्हणाला. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

लॉरेनचं हसू थांबलं. "बरं, मला सांग. काय दिसलं?"

त्याने सांगितलं. फ्रीझर, कागद, मासा. "म्हणाला, 'वेंडी, आता जाऊ दे मला.' अगदी बाबांच्या आवाजात."

लॉरेनने गाडीचं इंजिन बंद केलं.

"वेंडेल, तो मासा केव्हाच गेला रे. वादळात वीज गेली होती ना, तेव्हा नासला. तुला सांगायचा धीर झाला नाही. म्हणून त्या कागदात परसातली एक लांबट झुकिनी गुंडाळून ठेवली."

"मग माझ्याशी बोललं कोण?"

"झुकिनी. आणि खरंच बोलली बिचारी. किती वर्षं कोंडून ठेवलंय तिला!"

वेंडेल आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम. तिने त्याचा हात घट्ट धरला.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही."

"बोल की गं," वेंडेल म्हणाला. "मध्ये बोल!"