मेहुणीचा मांडव आणि माझा ताणपेच

मेहुणीच्या लग्नात मांडव झोळीसारखा लोंबू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. (मला कुणी विचारलं नव्हतं.) लोहाऱ्याच्या तहसील कचेरीतला कारकून मी, दोरीच्या गाठी मला कशा शोभणार? म्हणून उमाबाईला, म्हणजे आमच्या कुटुंबाला, घेऊन थेट सोलापूर गाठलं आणि ताणपेच मागितले. दोन टोकांना उलट्या आट्यांचे दांडे. मधली चौकट फिरवली की तार आपोआप ताणली जाते. मी दुकानातच फिरवून फिरवून हरखलो.

"हुकाचा पेच कपड्याच्या तारेला," दुकानदार म्हणाला. "मांडवाला बंद कडीचा न्या."

पण हुक कसा चटकन अडकतो! मी तोच घेतला. उमाबाईनं बंद कडीचेही पिशवीत टाकले. परतताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं पेच डोळ्याला लावून पाहिला आणि बंदूक नाही अशी खात्री करून सोडला.

अणदूरला सासऱ्यांच्या अंगणात मी धोतर खोचून कामाला लागलो. एक तार कडुनिंबाला, दुसरी खांबाला, मध्ये माझा पेच. कापड वर चढू लागलं, तसा मलाही चेव चढला.

"पुरे आता, अहो," उमाबाई म्हणाली.

"अजून एक फेरा."

सासरे महांतप्पा, म्हणजे आमचे मामा, मांडवाखाली उभे राहून म्हणाले, "जावईबापू, त्यो हुक सरळ व्हायलाय काय?"

व्हायलाच होता. तार सणकन सुटली, मामांचा फेटा उचलून निंबावर ठेवून आली आणि अख्खा मांडव मामांवर बसला. तेवढ्यात निरोप आला, वऱ्हाड वेशीत आलंय.

कापडाखालून मामांचा आवाज आला, "म्या जित्ता हाय. मांडवाचं बघा."

उमाबाईनं बंद कडीचे पेच पुढं केले. या वेळी मी दोन्ही दांड्यांचे आटे सारखे आत ठेवले, बेतानं ताणलं, आणि पेच उलटा फिरू नये म्हणून चौकटीतून बारीक तार ओवून बांधली. अक्षता पडत असतानाच धुळीची वावटळ आली. शेजारची कनात उडाली. आमचा मांडव जागचा हलला नाही. माझी छाती मात्र फुगली.

जेवणाच्या वेळी व्याही शिवप्पा धुळीनं माखलेल्या माझ्याकडं बोट दाखवून मामांना म्हणाले, "तुमचा मांडववाला लई हुशार हाय बघा. त्याला जेवू घाला की."

मामांनी एकदा निंबाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"घालू की," ते म्हणाले. "आधी मांडव उतरू द्या त्याला."